सर उभे राहायचे तेव्हा

आमचे सर बसून शिकवायचे. तेही टेबलामागे नाही. वर्गात आले की फळ्याजवळची खुर्ची उचलून ते बाकांच्या मधल्या वाटेत आणायचे, टाय सारखा करायचे आणि आमच्यातलेच एक होऊन फळ्याकडं तोंड करून बसायचे. फळ्यावर जायचं ते आम्ही. खडूची धूळ, चुकलेलं पुसणं, मागून खुसखुसणारी पोरं, सगळं आमच्या वाट्याला. नवे प्राचार्य आले तेव्हा त्यांनी एकदा दारातून डोकावून विचारलं, "कुणाचा तास चालू आहे?" आम्ही सरांचं नाव सांगितलं. "मग ते आहेत कुठं?" सरांनी बसल्या जागेवरून हात वर केला आणि म्हणाले, "हजर."

इतर तासांना चुकलं की विद्यार्थ्याला उभं करायची पद्धत. सरांकडं उलटं होतं. "तुम्ही शिकायला आलायत, चुकणं तुमचं कामच आहे. मला चुकायचा पगार मिळत नाही," असं ते म्हणायचे. एखाद्यानं त्यांची चूक दाखवली आणि ती खरीच निघाली, की सर खुर्चीतून उठायचे आणि तास संपेपर्यंत उभे राहायचे. शाबासकी नाही, पाठीवर थाप नाही. सर उभे राहिले हेच बक्षीस. त्यासाठी आम्ही पुस्तकं पालथी घालायचो, वरच्या वर्गातल्या मुलांकडून अवघड प्रश्न मागून आणायचो. पण वर्षच्या वर्ष जायचं आणि सर आपले बसलेलेच.

मी त्यांना उभं केलेलं आहे. हे मी इतक्यांदा सांगते की माझ्या नवऱ्याला ते पाढ्यांसारखं पाठ झालंय. पाहुणे आले की तोच म्हणतो, आता हिच्या सरांची गोष्ट ऐका. ऐकवते मी. का नाही ऐकवू?

नगरच्या त्या कॉलेजात सर डेटा स्ट्रक्चर शिकवायचे. म्हणजे संगणकात माहिती कशी मांडून ठेवायची, आणि कुठल्या कामाला कुठली मांडणी बरी पडेल, हे. पुस्तकात या विषयाला पानंच्या पानं आहेत. सरांकडं तीन प्रश्न होते. "येणं किती, जाणं किती, शोधणं किती?" नवी वस्तू किती वेळा येते, जुनी किती वेळा जाते आणि असलेली किती वेळा शोधावी लागते, एवढं सांगा, मग मांडणी मी सांगतो, असा त्यांचा खाक्या. हे प्रश्न ते कशालाही विचारायचे. चपलांच्या ढिगाला विचारायचे, कॅन्टीनच्या कपाटाला विचारायचे. एकदा एका मुलाच्या लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला विचारत होते, तो बिचारा वाढप्यांना हाका मारून दमला होता.

अ‍ॅरे शिकवताना त्यांनी आम्हाला एका लांब बाकावर रोल नंबरनं खेटून बसवलं आणि उशिरा आलेल्या मुलीला मधे तिच्या नंबरच्या जागी बसायला सांगितलं. झालं. दप्तर, डबा, पाण्याची बाटली घेऊन अर्धा बाक सरकला आणि कडेचा मुलगा खाली पडला. "हा अ‍ॅरे," सर म्हणाले. "कितवा ते माहीत असेल तर लगेच सापडतो. पण मधे कुणी आलं-गेलं की सगळ्यांनी उठा." लिंक्ड लिस्टसाठी त्यांनी शिपाईमामांचा किल्ल्यांचा जुडगा मागून आणला. किल्ली घालायला सोपी, काढायला सोपी, पण लॅबची हवी असली तर एकेक बघत जायचं. मामा दारात उभे होते. ते म्हणाले, "सर, जुडगा माजा हाय. उगं नावं ठिवू नका." सर म्हणाले, "मामा, नाव मी नाही ठेवलं, आधीच ठेवलेलं आहे."

हॅश टेबल मात्र त्यांची लाडकी. त्यासाठी त्यांनी आमचे जेवणाचे डबे एका मांडणीत ठेवायला लावले. रोल नंबरचा शेवटचा आकडा तोच खण. डबा ठेवायला, काढायला, शोधायला डोकं चालवायचं नाही, नंबरच जागा सांगतो. दोन डबे एकाच खणात आले तर ती टक्कर. "आली तर आली. दोघांत शोधणं म्हणजे शोधणं नव्हे, ते नुसतं बघणं. पण खण मोजकेच ठेवाल तर टकरी वाढतील," असं ते बजावायचे. क्रमानं लावलेलं काही हवं असेल तर ट्री, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारखी मांडणी, घ्या. क्रमाशी कर्तव्य नाही, नुसतं येणं, जाणं, शोधणं सारखं चाललंय, तर हॅश.

सर मराठी ख्रिश्चन. आजोबा मास्तर, वडील मास्तर, हे मास्तर. टाय एकच होता, मरून रंगाचा, तो मे महिन्यातसुद्धा सुटायचा नाही. नाताळात सावेडीला त्यांच्या घरी आम्ही करंज्या खायला जायचो तेव्हा आधी दिसायचे ते खिळे. प्रत्येक खोलीत, दारांच्या आसपास, हाताच्या उंचीवर खिळे ठोकलेले. कुठं चष्मा, कुठं छत्री, कुठं गॅसची शेगडी पेटवायचा लायटर. काकू म्हणायच्या, "सगळ्या घराला खिळे आहेत. कॅलेंडर लावायचं म्हटलं तर मला भिंत मागून घ्यावी लागते." एकदा काकू चर्चला गेलेल्या असताना सरांनी स्वयंपाकघरातले डबे नावाच्या पहिल्या अक्षरानं लावून टाकले. हळद आणि हिंग एका ठिकाणी, मीठ, मोहरी, मेथ्या दुसऱ्या ठिकाणी. काकूंनी संध्याकाळच्या आत सगळं होतं तसं केलं आणि म्हणाल्या, "मी नाव वाचून डबा काढत नाही. माझा हात जातो तिथं तो असतो." सरांना ते पटलं नव्हतं. त्या दिवशी ते उभे राहिले नाहीत.

आता छावणीचं सांगते. आमचं गाव श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीच्या अलीकडं. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा पाऊस दडी मारून बसला आणि गावाशेजारच्या माळावर जनावरांची छावणी उघडली. शेडनेटच्या सावल्या, पाण्याचा टँकर, चाऱ्याला उसाच्या मोळ्या. आसपासच्या गावांतली जनावरं तिथं बांधलेली आणि त्यांच्या सोबतीला घरातलं एकेक माणूस मुक्कामाला. आमची एक गाय, एक म्हैस आणि पाखऱ्या-चांद्या ही आप्पांची बैलजोडी तिथंच होती. माझे वडील म्हणजे आप्पा, ते छावणीत राहायचे. आई डबा घेऊन जायची.

छावणीची तपासणी व्हायची. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर लांबलचक नंबर. तपासणीचे साहेब कागदावरून वाटेल तो नंबर वाचायचे आणि म्हणायचे, दाखवा हे जनावर. जनावरं तर आली तशी बांधलेली. रोज नवी येत होती, रोज कुणीतरी दावं सोडून परत नेत होतं, कुणी सावली बघून जागा बदलत होतं. छावणी सांभाळणारे तात्या आणि चार माणसं कान धरत पळायची, बिल्ला शेणानं माखलेला, गाय मान झटकायची. पहिल्या तपासणीला निम्मी जनावरं वेळेत सापडलीच नाहीत. साहेब सरळ बोलले. जे दिसत नाही ते नाही असं मी धरतो, पुढच्या वेळी असंच झालं तर छावणी बंद.

बंद म्हणजे जनावरं घरी. घरी चाऱ्याची काडी नव्हती आणि पाणी विकतचं. बाजारात जोडीला काय भाव चाललाय हे आप्पा शेजाऱ्याला विचारत होते, तेवढं मी ऐकलं. त्या आठवड्यात मी दोन दिवस कॉलेजला गेले नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी कारण विचारलं आणि मी भर वर्गात सगळं सांगून टाकलं. सरांचे डोळे चमकले. म्हणाले, "येणं किती, जाणं किती, शोधणं किती?"

रविवारी चर्च उरकून सर तसेच आले, टायसकट, आमच्या वर्गातल्या सहा-सात जणांना घेऊन. तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्ये इम्यावालं हायेत का गं?" मी म्हटलं, "तात्या, आमचे सर आहेत." तात्यांनी लगेच प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि सर छत्री उघडून माळाच्या मधोमध बसले. बसून त्यांनी अख्खी छावणी हलवली. बिल्ल्याच्या नंबरचा शेवटचा आकडा तीच ओळ. शून्यापासून नवापर्यंत दहा ओळी, प्रत्येकीच्या तोंडाला चुन्यानं आकडा लिहिलेली पाटी. दिवसभर धुरळा उडाला, शिव्या उडाल्या. पण चार वाजता तात्यांनी गंमत म्हणून एक नंबर पुकारला आणि तिकडून म्हैस हजर झाली, तेव्हा लोक हसायला लागले. तात्या म्हणाले, "आयला, लई भारी हाय ह्ये." मला इतका अभिमान वाटत होता की मी आईला दोनदा सांगितलं, हे सर माझे आहेत.

दोन दिवसांत सगळं बिनसलं. आमची गाय दोनच्या ओळीत, म्हैस सातच्या, पाखऱ्या तीनच्या आणि चांद्या आठच्या. चारा द्यायला, पाणी पाजायला, धार काढायला आप्पांना छावणीभर फिरावं लागायचं. सगळ्यांचंच तसं. एक म्हातारी रोज सकाळी पाट्यांकडं बघून ओरडायची, "माजी म्हस कुटं नेऊन घातली रं मुडद्यांनो." आणि पाखऱ्या-चांद्यांनी वैरणीला तोंड लावणं सोडलं. गोऱ्हे होते तेव्हापासून एका जुवाखाली चाललेली जोडी ती. पाखऱ्या डावा, चांद्या उजवा. तीनच्या ओळीतून पाखऱ्या हंबरायचा आणि आठच्या ओळीतून चांद्या उत्तर द्यायचा.

बुधवारी मी डबा घेऊन गेले तर आप्पा चांद्याला सोडून पाखऱ्याशेजारी नेऊन बांधत होते. मी म्हटलं, "आप्पा, नंबर चुकेल. परवा तपासणी आहे." आप्पांनी दाव्याला गाठ मारली. मग म्हणाले, "तुज्या सरास्नी सांग, ह्या दोगांचा नंबर येकच हाय."

चांद्यानं मान लांब करून पाखऱ्याच्या पुढ्यातला ऊस ओढला आणि दोघंही खायला लागले. मी बघत उभी राहिले. आजूबाजूला बघितलं तर सगळेच आपापली जनावरं गोळा करत होते. परवापर्यंत पुन्हा सगळा गोंधळ होणार होता, पहिल्यापेक्षा वाईट, कारण आता पाट्यांवर आकडे एक आणि ओळींत जनावरं भलतीच. छावणी जाणार हे मला स्वच्छ दिसलं. आणि तिथंच, उसाच्या पाचटात उभी असताना, मला सरांच्या घरातले खिळे आठवले.

मी सरांना फोन केला आणि आप्पांचं वाक्य आहे तसं सांगितलं. म्हणाले येतो, आणि रविवारचीच पोरंपोरी घेऊन दुपारच्या गाडीनं आलेसुद्धा. तात्यांनी खुर्ची दिली, सर बसले. सरांनी तीन प्रश्न विचारायच्या आत मीच म्हटलं, "सर, चौथा प्रश्न राहिलाय. शोधतंय कोण?"

"म्हणजे?"

"साहेब पंधरवड्यातून एकदा शोधणार, त्यांच्याकडं नंबर असणार. पण मालक दिवसातून दहा वेळा शोधतो, आणि त्याला नंबर नको, त्याला आपली दावण पाहिजे. आपण जनावरं नंबरनं बांधली. जनावर हलवायचं नाही सर, चिठ्ठी हलवायची. जनावरं ज्याच्या त्याच्या दावणीला राहू द्या, दावणींना नंबर देऊ. आणि एका फळीवर खिळे ठोकू. बिल्ल्याचे शेवटचे दोन आकडे तो खिळा. खिळ्याला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पूर्ण नंबर आणि दावण कितवी ते. जनावर आलं की पुठ्ठा अडकवायचा, गेलं की काढून मालकाच्या हातात द्यायचा. ओळी दहाच करता येतात, खिळे शंभर ठोकले तरी परवडतात. टकरी कमी होतील."

तात्या काही न कळून सरांकडं बघत होते. सर छत्रीची मूठ बोटांनी फिरवत राहिले. हॅश टेबल बरोबरच होती, तिच्यात जनावरं ठेवणं चुकलं होतं, आणि ते त्यांच्या ध्यानात यायला फार वेळ लागला नाही. त्यांनी छत्री मिटली, टाय सारखा केला आणि ते उभे राहिले.

वर्गात तास संपला की सर बसायचे. इथं घंटा कोण देणार? त्यांनी स्वतःच ठरवलं असावं, शेवटचं जनावर आपल्या दावणीला लागेपर्यंत. तात्यांच्या जुन्या दाराची फळी आली, खिळे आले, पोरींनी पुठ्ठे कापले, आप्पांनी ठोकाठोक केली, आणि त्या उन्हात सर उभेच. तात्या दोनदा खुर्ची घेऊन आले. "सर, बसा की वाईच."

"आज नाही बसता येत," सर म्हणाले.

आईला वाटलं सरांची कंबर धरली. तिनं एरंडाचं तेल गरम करून आणायची तयारी चालवली होती. मी तिला गप्प केलं, पण मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणी येत होतं. माझ्या वर्गातली मुलं माझ्याकडं बघत होती. सरांना मी उभं केलं होतं, तेही माझ्या गावात, माझ्या आईबापादेखत. आयुष्यात नंतर पगारवाढी मिळाल्या, बढती मिळाली. त्या दुपारची सर कशालाच आली नाही.

शुक्रवारी साहेब आले. आईला अक्षर लागत नाही पण आकडे लागतात, म्हणून तात्यांनी तिलाच फळीजवळ उभं केलं होतं. साहेबांनी नंबर वाचला. आईनं शेवटचे दोन आकडे ऐकले, खिळा पकडला, दोन पुठ्ठे उलटले आणि म्हणाली, "बाविसावी दावन." गाय तिथं होती. पुढचा नंबर, पुढचा खिळा. साहेबांनी मुद्दाम कालच आलेली कालवड विचारली, तीही सापडली. आदल्या दिवशी परत नेलेल्या म्हशीचा नंबर विचारला. आईनं खिळा बघितला आणि म्हणाली, "ही न्हाई. पुठ्ठा न्हाई, म्हंजी गेली." साहेबांनी कागद मिटला आणि पाणी मागितलं. छावणी पाऊस पडेपर्यंत चालली आणि आमची जोडी बाजाराला न जाता घरी परत आली.

मी सरांना फोन करून सांगितलं, सर, सगळी सापडली. त्यांनी विचारलं, "एका खिळ्याला जास्तीत जास्त पुठ्ठे किती?" मागून काकूंचा आवाज आला, "तिला शाबास म्हणा आधी. आणि डब्यांच्या वेळी मी हेच सांगितलं होतं." सर काकूंना म्हणाले, "तू सांगितलं होतंस. तिनं करून दाखवलं."

त्यानंतर सर वर्गात चार प्रश्न विचारायला लागले. येणं किती, जाणं किती, शोधणं किती, आणि शोधतंय कोण. चौथा आला की म्हणायचे, हा माझा नाही. मला हे नंतरच्या बॅचच्या मुलांकडून कळायचं, आणि दर वेळी नव्यानं बरं वाटायचं.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. समारंभाला मी पुण्याहून जाणारच होते. सरांनी फोनवर सांगितलं, "वडिलांना आण." आप्पा माझ्या कॉलेजात कधी आलेले नव्हते. नको नको म्हणत होते, शेवटी धुतलेलं धोतर आणि कोरी टोपी घालून निघाले. एसटीला उशीर झाला. आम्ही हॉलच्या मागच्या दारातून आत शिरलो तेव्हा प्राचार्यांचं भाषण चालू होतं. सर मंचावर हारतुऱ्यात बुडून सजवलेल्या खुर्चीत बसले होते.

सरांनी आप्पांना बघितलं आणि ते उठून उभे राहिले.

प्राचार्य बोलायचे थांबले. सर काही बसेनात, तेव्हा तेही गोंधळून सरळ झाले. पुढच्या रांगेतले प्राध्यापक उठले. सरांची जुनी मुलं उठली, त्यांना सर उभे राहण्याचा अर्थ माहीत होता. मग अख्खा हॉल उठला. आप्पा दारात थबकले. त्यांनी टोपी सारखी केली, घाईनं बाजूला सरकले आणि मागं वळून बघितलं, कोण मोठा माणूस येतोय ते. मागं कुणीच नव्हतं. मी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं, आणि ते बसल्यावर सर बसले.

परतीच्या गाडीत आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. श्रीगोंदा मागं पडल्यावर म्हणाले, "कोन आलं हुतं गं तवा? समदी उबी राह्यली."

"तुम्ही आला होतात, आप्पा."

आप्पा माझ्याकडं वळले. "पर तूच म्हनायचीस न्हवं, तुजं सर चुकलं तरच उबं राहत्यात. मंग आज त्यांचं काय चुकलं?"

"काहीच नाही चुकलं," मी म्हटलं.